आपल्या माणसांना कळवलेला नकार

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून पुण्याला जोतीरावांना एक पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. भावानं मनापासून शुश्रूषा केली होती आणि आता त्या बऱ्या होत आल्या होत्या. पत्राच्या सुरुवातीला भावाविषयीची ही कृतज्ञता आहे. पुढे त्याच भावाशी झालेला वाद आहे. तुम्हा नवराबायकोला जातीनं वाळीत टाकलंय, महारामांगांसाठी तुम्ही जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, ब्राह्मण सांगतील तसं वागा, असं भावानं सुनावलं. सावित्रीबाईंनी त्याला तिथेच उत्तर दिलं. गाय-बकरीला तू कुरवाळतोस, नागपंचमीला सापाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र दूर ठेवतोस, याचं कारण सांग, असा त्यांचा प्रश्न होता. आई आधी दुखावली होती. लेकीचं बोलणं ऐकून तिचे डोळे भरून आले, आणि भावालाही आपलं चुकलं हे उमगलं.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीनच पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या या पहिल्या पत्राकडे मी पुन्हा पुन्हा वळते. शाळेच्या वाटेवर अंगावर पडलेलं शेण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेण फेकणारा परका होता. त्याच्याकडे पाठ फिरवून चालू लागता येतं, लुगडं बदलता येतं. नायगावात विरोध करणारा मात्र उशाशी बसून औषध देणारा होता. त्याचे उपकार अंगावर ताजे असताना, अशक्तपणा पुरता गेलेला नसताना, ‘तू म्हणतोस ते मला मान्य नाही’ असं सांगायला जी ताकद लागते, ती शेण सोसायला लागणाऱ्या ताकदीहून वेगळी आहे. मला तर ती अधिक मोठी वाटते.

थोर स्त्रियांची चरित्रं वाचताना ‘समाजाचा विरोध’ हे शब्द हमखास भेटतात. चरित्रातल्या त्या समाजाला चेहरा नसतो. पत्रांमध्ये तो भाऊ असतो, नवरा असतो, आश्रय देणारी गुरुमाय असते. ‘पहिली शिक्षिका’, ‘पहिली डॉक्टर’ या बिरुदांखाली जे दिसेनासं होतं ते पत्रांत जसंच्या तसं सापडतं: ज्यांच्या आधारावर आपण उभ्या आहोत त्यांनाच नाही म्हणण्याची वेळ या प्रत्येकीवर आली, आणि तिनं ते नाही म्हणणं लिहून कळवलं.

आनंदीबाई जोशी यांचं उदाहरण यात सर्वांत अवघड आहे. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या या मुलीचं नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा सुमारे वीस वर्षांनी मोठा, पोस्टात कारकून. तिला शिकवायचं हा गोपाळरावांचा ध्यास होता, आणि त्या ध्यासापायी त्यांनी तिला मारलंही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला निघाली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

पण तिकडून तिनं गोपाळरावांना एक पत्र लिहिलं होतं. तुम्ही मला वागवलंत ते बरं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, असा त्याचा सूर आहे. अंतिम हेतू पाहिला तर ते योग्य म्हणावं लागेल, पण एका मुलीच्या कोवळ्या मनावर काय परिणाम होऊ शकला असता हे पाहिलं तर ते चूकच होतं, असं ती मांडते. लहानपणी लाकडानं खाल्लेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं ती नाव घेऊन सांगते. विशीच्या आसपासची ही मुलगी नवऱ्याला दुष्ट ठरवत नाही आणि देवही करत नाही. तराजूची दोन्ही पारडी ती त्याच्यासमोर धरते आणि कुठलंही झाकत नाही. त्या काळातली हिंदू स्त्री नवऱ्याला असं काही सांगू शकत नाही, हेही तिला ठाऊक आहे. तरी ती सांगते. माझ्या मते, तिच्या पदवीइतकंच हे पत्र ही तिची कमाई आहे.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी तिचा पत्रव्यवहार भेटीच्या कितीतरी आधी सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या या बाईंच्या हाती एक मिशनरी मासिक आलं. त्यात गोपाळरावांचं मदत मागणारं पत्र होतं आणि त्यावर, आधी ख्रिस्ती व्हा, असा संपादकांचा सल्ला. कार्पेंटरबाईंनी त्या सल्ल्याकडे न पाहता थेट आनंदीबाईंना लिहिलं. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी जाहीर केलं, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, आणि ते पाळलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, क्षयानं त्या गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. पत्रांतून जुळलेलं नातं तिथपर्यंत गेलं.

पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना तर कधी कधी श्वास रोखून धरावा लागतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. नवरा आदल्याच वर्षी वारला होता, पदरी छोटी मनोरमा होती. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी आसरा दिला. सप्टेंबरमध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई मनोरमेच्या नात्यानं आजीबाई म्हणत. एवढ्या ऋणानंतर कुणीही गप्पच बसलं असतं. रमाबाईंनी शंका विचारायला सुरुवात केली. ख्रिस्त देव कसा, एका देवाचे तीन कसे, चर्चचं ऐकणं आणि देवाचं ऐकणं एकच कसं? अंडी घातलेलं पुडिंग त्या खात नाहीत म्हणजे जुन्या जातीचा अभिमान सुटलेला नाही, अशी टीका झाली. त्यावर, मी हिंदू आहे आणि तसं म्हणवून घ्यायला मला आवडतं, अशा अर्थाचं उत्तर गेलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असाही वाद झाला. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा, हिंदुस्थानात मी पुरुषांच्या सभांपुढे बोलत आले आहे, हे त्यांनी स्पष्ट केलं. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड फार कष्टानं उतरवलं, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, हे त्यांनी बजावलं. आणि हे सगळं करताना मायेची भाषा सुटली नाही. आजीबाई ही हाक पत्रांत राहिली.

रखमाबाईंची पत्रं याहून निराळी. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर त्यांची पत्रं आली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं. अकराव्या वर्षी झालेलं लग्न मानून नांदायला जाणार नाही, यासाठी त्या कोर्टात लढत होत्या. १८८७ च्या मार्चमध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद असा निकाल झाला, तेव्हा तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या आणि सुरतेत त्यांनी अनेक वर्षं डॉक्टरकी केली. अनोळखी वाचकांशी बोलताना नाव झाकण्याची सोय त्यांना होती, आणि ती वापरण्यात शहाणपण होतं. आपल्या माणसांना लिहिताना टोपणनाव घेता येत नाही. ते आपलं अक्षर ओळखतात.

माझ्या आजीची काही पोस्टकार्डं आमच्या घरी आहेत. मायना अचूक, साष्टांग नमस्कार, मग पाऊस, भाताची लावणी, कुणाचं बाळंतपण, शेवटी कळावे. तिला काय वाटत होतं ते एकाही कार्डात नाही. पोस्टकार्ड उघडंच असायचं. पोस्टमन वाचायचा, ओटीवर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. बंद पाकीट मिळालं असतं, तर तिनं काय लिहिलं असतं? असंख्य घरांतल्या असंख्य बायकांची मतं त्या उघड्या कार्डांवर आलीच नाहीत. म्हणून जी थोडी पत्रं उरली आहेत त्यांचं मोल मला इतकं वाटतं.

आणि ती उरली कशी, हे पाहिलं की मन भरून येतं. आनंदीबाईंनी नवऱ्याचा दोष सांगितला तो नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात. ते पत्र फाडून टाकणं त्याच्या हातात होतं. त्यानं फाडलं नाही. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं ते अशाच पत्रांच्या आधारानं. रमाबाईंची पत्रं संकलित केली ती सिस्टर जेराल्डिन यांनी, म्हणजे ज्यांचा शब्द रमाबाईंनी मोडला त्यांनीच. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपानं आली. ज्यांना नकार मिळाला त्यांनीच तो जपला. गोपाळरावांचा मार यानं माफ होत नाही, जेराल्डिनबाईंचा हट्टही नाही. पण या स्त्रियांनी नातं न तोडता खरं सांगितलं होतं, आणि ते खरं ऐकणाऱ्याच्या आत कुठेतरी पोहोचलं होतं, एवढं नक्की.

आज पाकीट शोधावं लागत नाही. फोन प्रत्येकीच्या हातात आहे. तरी घरातल्या माणसाशी गंभीर मतभेद झाला की आपण दोनच गोष्टी करतो: गप्प बसतो, नाहीतर संबंध तोडतो. तिसरा रस्ता कष्टाचा आहे. त्याला वेळ लागतो, दुसऱ्याचे उपकार आणि दुसऱ्याचे दोष एकाच कागदावर मांडण्याची हिंमत लागते, आणि उत्तर काय येईल याची वाट पाहण्याची तयारी लागते. सावित्रीबाई, आनंदीबाई, रमाबाई या रस्त्यानं गेल्या. शाळांमधून त्यांच्या जयंत्या होतात, तसबिरींना हार घातले जातात. त्याच दिवशी त्यांचं एखादं पूर्ण पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं जावं, असं मला फार वाटतं. समोर बसलेल्या मुलींपैकी बहुतेकींना जमावाचं शेण झेलायची वेळ येणार नाही. पण शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, पैशाबद्दल, आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला नाही म्हणायची वेळ प्रत्येकीवर येईल. त्या वेळी काय बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, हे आपल्याच मुलुखातल्या बायकांनी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे.