विजापूरला जाण्याआधी घरात काय वाचावे?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतून सहलीचे बेत सुरू होतात. तिकिटे काढायची, वाटेतल्या नातेवाइकांना फोन करायचे, दर्ग्यावर चढवायची चादर आणायची, डब्याचे ठरवायचे. गेली काही वर्षे या तयारीत आम्ही आणखी एक काम घातले आहे. ज्या मुलखात जायचे, त्याविषयीची चार पुस्तके निघण्याआधी महिनाभर घरात आणायची आणि सर्वांनी मिळून वाचायची. गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूर, गुलबर्गा आणि बिदर असा प्रवास केला. त्यासाठी पुस्तके कशी निवडली आणि त्यांचा काय उपयोग झाला, ते वाचक भगिनी-बंधूंसमोर मांडावेसे वाटते.

या तिन्ही शहरांना आता कर्नाटकात विजयपूर, कलबुर्गी आणि बिदर म्हणतात. पण आपल्या बोलण्यात अजून विजापूर आणि गुलबर्गाच आहे, म्हणून इथे तीच नावे वापरतो. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. म्हणजे आपल्या अंगणातलीच जागा. तरीही आपल्या मुलांना विजापूर म्हटले की पाठ्यपुस्तकातला अफजलखान आठवतो आणि गोलघुमटातला प्रतिध्वनी. त्यापलीकडे काही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. बाहेर मुलांच्या कानावर येते की सुलतान म्हणजे सारे जुलमी. घरात कधीकधी उलट टोक ऐकू येते, की आपले बादशाह म्हणजे सारे न्यायी आणि दानशूर. ही दोन्ही ऐकून मूल गप्प बसायला शिकते. वर्गात विषय निघाला की मान खाली घालते, नाहीतर भांडते. आमची मुलगी नववीत आहे, मुलगा सहावीत. त्यांनी मान खाली घालू नये आणि उगाच भांडूही नये, यासाठी त्यांच्याजवळ माहिती हवी, असे आम्हांला वाटले. सहलीआधीच्या वाचनामागे आमचा हेतू एवढाच होता.

निवडीसाठी आम्ही तीन साधे नियम ठरवले. पहिले पुस्तक इमारतींविषयीचे. दुसरे तिथे राहिलेल्या माणसांविषयीचे, म्हणजे फक्त राजांचे नव्हे. आणि तिसरे असे, की ज्यात आपल्याला ऐकायला आवडणार नाही असेही काही असेल. शिवाय घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल असे काहीतरी असले पाहिजे. आमच्या घरी दादी उर्दू वाचतात, आम्ही मराठी आणि इंग्रजी, मुले मराठी माध्यमात शिकतात. मुलांना उर्दू बोललेली कळते, पण लिपी अडखळत वाचता येते. बऱ्याच घरांत आज हीच स्थिती आहे. म्हणून इशाच्या नमाजनंतर अर्धा तास ठरवला. ज्याला जी भाषा येते त्याने त्यातले पान वाचायचे आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचे.

इमारतींसाठी आम्ही हेन्री कझिन्स यांचा विजापूरवरचा १९१६ सालचा ग्रंथ घेतला. इंग्रजी आहे आणि जाडजूड आहे, पण जुना असल्याने इंटरनेटवर मोफत मिळतो. सगळा वाचायची गरज नाही. नकाशे आणि आराखडे मुलांनी पाहिले तरी पुरे. गोलघुमट ही मुहम्मद आदिलशाहची कबर. तो १६५६ साली वारला. घुमटाचा व्यास आतून सुमारे ३८ मीटर आहे आणि आत मधोमध एकही खांब नाही. हे कसे जमले? आराखड्यात दिसते की चौकोनी खोलीत एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारून वर्तुळ लहान करत नेले आणि त्यावर घुमट बसवला. मुलाने हे घरी कागदावर पट्टी-कंपास घेऊन काढले. तिथे गेल्यावर सज्जात सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तो मात्र मान वर करून कमानी मोजत होता.

याच ग्रंथामुळे एक अवघड गोष्टही आधीच घरात आली. विजापूरच्या आतल्या किल्ल्यात करीमुद्दीनची मशीद आहे, १३२० सालची, म्हणजे आदिलशाहीच्याही खूप आधीची. तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण तिथे गेल्यावर ते डोळ्यांना दिसतेच. मुलीने विचारले, "मग हे बरोबर होते का?" आम्ही सांगितले, की दुसऱ्याच्या इबादतगाहचे दगड असे घेणे आम्हांला पटत नाही, आणि ते कोणी केले म्हणून आपण त्याची बाजू घ्यायला बांधील नाही. पण तिथल्याच शिलालेखात मशीद बांधणाऱ्या कारागिराचे नाव आहे. तो साळोटगी गावचा रेवोया नावाचा सुतार होता. म्हणजे तीच मशीद एका हिंदू कारागिराच्या हातची आहे. एका इमारतीत दोन्ही गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगायच्या. हे बोलणे आमच्या दिवाणखान्यात, शांतपणे झाले. गाईडच्या किंवा अनोळखी गर्दीच्या तोंडून ते पहिल्यांदा कानावर पडले असते, तर मुले बावरली असती.

माणसांविषयीच्या पुस्तकांत आम्हांला सर्वांत आवडले ते रिचर्ड ईटन यांचे विजापूरच्या सूफींवरचे १९७८ सालचे पुस्तक. तेही इंग्रजीच, पण त्यातले एक प्रकरण घरातल्या बायकांनी जरूर ऐकावे. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले. बायकांनी जात्यावर दळताना, चरख्यावर सूत कातताना ती गाणी म्हणायची आणि त्यातून अल्लाहचे स्मरण करायचे. आपल्या मराठी मुलखात जात्यावरच्या ओव्या आहेत, हे सर्वांना माहीत आहे. त्याच दख्खनेत शेजारच्या जात्यावर झिक्र होत होता. हे वाचून दाखवल्यावर दादी म्हणाल्या, "आमच्या अम्मी पण दळताना काहीतरी गुणगुणायच्या, मी कधी नीट ऐकलेच नाही." त्या रात्री वाचन पुढे गेले नाही. दादीच बोलत राहिल्या.

मराठी वाचकांसाठी दोन नावे मुद्दाम सांगतो. सेतुमाधवराव पगडी यांचे 'सूफी संप्रदाय' आणि रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी'. पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, उर्दू-फारसीचे चांगले जाणकार होते. त्यांचे मराठी वाचताना परकेपणा वाटत नाही. ढेरे यांच्या पुस्तकात शाह मुंतोजी भेटतात. बिदरच्या बहमनी घराण्याशी त्यांचे नाते सांगितले जाते आणि त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. मराठी ही आपल्याला कोणी उसनी दिलेली भाषा नाही, हे मुलांना एका भाषणापेक्षा या एका नावाने जास्त कळते. फारसी इतिहासकार फिरिश्ता विजापूर दरबारातच लिहीत होता. त्याने नोंदवले आहे, की पहिल्या इब्राहिम आदिलशाहने महसुलाच्या हिशेबांतून फारसी काढून देशी भाषा आणली. दुसऱ्या इब्राहिमला मराठी चांगली बोलता येत होती, असे मुघल वकील असद बेग सांगतो.

गुलबर्ग्यासाठी दादींनी आपल्या पेटीतले हजरत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (रह.) यांचे छोटे उर्दू चरित्र काढले. ख्वाजा दिल्लीत १३२१ साली जन्मले, लहानपणी वडिलांबरोबर दौलताबादला आले, पुन्हा दिल्लीला गेले आणि उतारवयात तैमूरच्या स्वारीच्या सुमारास दिल्ली सोडून दख्खनेत परतले. १४२२ साली ते गुलबर्ग्यात वारले. त्यांच्या वडिलांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. मुलांनी खुलताबाद आधी पाहिले होते, त्यामुळे नकाशावर बोट ठेवून त्यांनी बाप-लेकाचा रस्ता जोडला. दर्ग्यात फातेहा पढताना ती फक्त नवसाची जागा राहिली नाही. जन्मभर शिकत आणि लिहीत राहिलेल्या एका माणसाची कबर म्हणून मुले तिच्यासमोर उभी होती. किल्ल्यातली जामा मशीदही पाहावी. ती १३६७ सालची. तिला उघडे अंगण नाही, सगळी छताखाली आहे. असे आपल्याकडे सहसा दिसत नाही.

बिदरसाठी गुलाम यझदानी यांचा १९४७ सालचा ग्रंथ चाळला. पण मुलीला भिडली ती महमूद गावानची हकीकत. इराणच्या गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनींचा वजीर झाला आणि त्याने १४७२ साली बिदरला मदरसा बांधला. १४८१ साली एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने त्याला ठार करविले. मदरशाचा बराच भाग १६९६ साली स्फोटात कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशा अजून चिकटून आहेत. मुलगी म्हणाली, "त्याला शत्रूने नाही मारले." आम्ही हो म्हणालो. आपला इतिहास म्हणजे आपल्यावर झालेलेच अन्याय नाहीत. आपल्यातल्याच मत्सराने आपला विद्वान वजीर गेला, हेही त्यात येते. आमचा तिसरा नियम त्यासाठीच होता.

आता थोडे व्यवहाराचे. सगळी पुस्तके विकत घ्यायची गरज नाही. शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात पगडी आणि ढेरे यांची पुस्तके आहेत का, ते आधी विचारावे. एका सहलीला चारपेक्षा जास्त पुस्तके घेऊ नयेत, नाहीतर एकही पूर्ण होत नाही. मुलांना पुस्तक वाटून द्यावे आणि त्या जागी पोहोचल्यावर त्याच मुलाला बोलू द्यावे. आमच्याकडे इब्राहिम रौजाला मुलाने सर्वांना माहिती सांगितली. शेजारी उभे असलेले सांगलीकडचे एक कुटुंबही ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी पुस्तकाचे नाव लिहून घेतले. ऐकीव गोष्टी, म्हणजे अमक्या भुयारातून तमका पळाला वगैरे, मुलांना ऐकू द्याव्यात. पण घरी येऊन त्या पुस्तकात सापडतात का, हेही पाहावे.

आणि वडीलधाऱ्यांना घरीच ठेवून फक्त मुलांना शिकवू नये. आमच्या वाचनात सर्वांत मोलाची भर दादींनी घातली. परतल्यावर मुलीने एक वही केली आहे. दादींना त्यांच्या अम्मींचे दळतानाचे जे काही शब्द आठवतात, ते ती मराठी लिपीत उतरवून घेते. आतापर्यंत सहा ओळी झाल्या आहेत.