ठाकुर्लीहून एका सुरावटीच्या शोधार्थ

कल्याण आणि डोंबिवली ही नावे महाराष्ट्रात कोणास सांगावी लागत नाहीत. परंतु त्या दोहोंच्या मध्ये ठाकुर्ली म्हणून एक स्थानक आहे, हे त्या मार्गाने नित्य जाणाऱ्या पुष्कळांच्याही ध्यानात राहत नाही. जलद गाडीतला उतारू डोंबिवलीस एकदा डोळा लावतो, तो कल्याण आल्यावरच उघडतो. ठाण्याहून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग 1 मे 1854 रोजी खुला झाला. म्हणजे आमच्या शिवारातून आगगाडी धावू लागली, त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. पण ठाकुर्लीस जे काही महत्त्व लाभले ते विजेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी 1929 च्या सुमारास येथे, चोळे गावालगत, कोळशावर चालणारे वीजघर उभारले. आमचे तीर्थरूप तेथे हिशेबाच्या कामावर होते. 1980 च्या दशकात ते वीजघर बंद पडले. त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्या ओसाड भिंती आम्ही येता-जाता पाहत असू.

आम्हा भावंडांचे बालपण त्या वीजघराच्या छायेत गेले. छायेत म्हणजे खरोखरच छायेत, कारण वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाची काजळी बसे आणि आई ते पुन्हा धुवी. घरात रेडिओ होता. त्याच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. लोहमार्ग हाकेच्या अंतरावर असल्याने प्रत्येक लोकलबरोबर त्या रेडिओत खरखर उमटे. बातम्यांतील निम्मी शहरे आणि कीर्तनातील निम्मे अभंग आम्हांस असे खरखरीआडूनच ऐकावे लागले. त्याची इतकी सवय झाली होती की, पुण्यास मामांच्या घरी स्वच्छ आवाज ऐकला, तेव्हा त्यांचा रेडिओ बिघडला असावा असे मला वाटले!

हे सारे आज आठवण्याचे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी आहे. गेली दोन वर्षे त्यांची स्मृती हळूहळू विरत चालली आहे. मला त्या कधी ओळखतात, कधी आपला धाकटा भाऊ समजतात. दुपार कलली म्हणजे त्यांस विलक्षण बेचैनी येते. मग त्या एक सुरावट गुणगुणू लागतात, चार-पाच स्वरांनंतर अडतात, आणि समोर जो कोणी असेल त्यास म्हणतात, “पुढचं लाव.” पुढचे काय, हे कोणासच ठाऊक नाही. सूनबाईंनी भूपाळ्या लावून पाहिल्या, नातवाने जुनी नाट्यपदे लावून पाहिली. आई मान हलवी आणि पुन्हा आरंभापासून गुणगुणू लागे. घरातील दहा माणसे एका म्हाताऱ्या जिवास एवढीशी गोष्ट देऊ शकत नाहीत, याचे प्रत्येकास वाईट वाटे, आणि त्या वाईट वाटण्याचे पर्यवसान पुष्कळदा एकमेकांवर चिडण्यात होई.

एके दिवशी दादांनी आईस विचारले, “आई, हे कशातलं ग?” आई तत्काळ म्हणाली, “प्रपंच.”

दादांस तेवढे पुरे झाले. आमच्या पिढीच्या वाचकांस ‘पुन्हा प्रपंच’ ही मुंबई आकाशवाणीवरील श्रुतिकामाला सांगावयास नकोच. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी ही तीन माणसे आमच्या घरात नात्यागोत्यातल्यांपेक्षाही अधिक वावरली. टेकाडे भावजींचा आवाज आला की आई पोळपाटावरचे लाटणे थांबवून हसे, हे मला स्पष्ट आठवते. तेव्हा दादांनी ठरविले की ही सुरावट त्याच श्रुतिकेच्या पार्श्वसंगीतातील असणार, आणि ती शोधण्याचे काम घरातील सेवानिवृत्त, म्हणजे रिकाम्या, माणसाकडे आले. विनोदी कार्यक्रमाबरोबर एखादी धून कानात कायमची घर करते, हे खरेच आहे. विलायतेस बी. बी. सी. वर ‘जस्ट अ मिनिट’ नावाचा विनोदी कार्यक्रम 1967 पासून चालत आला. त्याच्या प्रारंभी शोपँ या पोलिश संगीतकाराची पियानोवरील एक रचना वाजते, आणि तेथील श्रोत्यांस शोपँ म्हटले की आधी तो कार्यक्रमच आठवतो, असे आमचा परदेशस्थ पुतण्या सांगतो.

संस्कृताचा विद्यार्थी या नात्याने ‘प्रपंच’ या शब्दाशी माझा जुना परिचय आहे. मूळचा अर्थ विस्तार, पसारा. वेदान्त्यांनी साऱ्या दृश्य जगास हे नाव दिले आणि मराठीने ते उचलून चूल, मुले आणि वाण्याची उधारी यांच्या गळ्यात घातले. परंतु शब्दांचे एवढे ज्ञान पदरी असूनही, आई कोणत्या प्रपंचाविषयी बोलत होती, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही.

डोंबिवलीस माझे एक पेटीवादक स्नेही राहतात. त्यांच्याकडे जाऊन मी ती सुरावट जमेल तशी गुणगुणली. माझ्या गळ्याविषयी न बोललेलेच बरे. त्यांनी डोळे मिटून पेटीवर स्वर लावले: षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम, धैवत. “शिवरंजनीच्या अंगाचं आहे,” ते म्हणाले, आणि दुसऱ्याच क्षणी भाता सोडून हसू लागले. “अहो मास्तर, हे कसलं प्रपंचाचं? पहाटे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वाजायचं ना, तेच हे! रेडिओची ओळखधून.”

मी ओशाळलो. तंबोऱ्याचा झंकार, त्यावर तरंगत येणारे व्हायोलिन, आणि मग निवेदकाचा आवाज. जी धून जन्मभर ऐकली ती ओळखता येऊ नये! पण ओशाळण्याचे याहून मोठे कारण पुढे होते. मोठ्या दिमाखाने मी म्हणालो, “अर्थात! रविशंकरांची धून.” स्नेह्यांची नात शेजारीच अभ्यास करीत होती. ती म्हणाली, “नाही आजोबा, वॉल्टर कॉफमन नावाच्या गृहस्थांची.” आणि तिने मला ते वाचून दाखविले.

तीस वर्षे मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो की आकाशवाणीची धून पंडित रविशंकरांनी रचली. ‘आकाशवाणी’ हा शब्द शिकविताना कंसाची कथा, म्हैसूरच्या नभोवाणी केंद्राने 1930 च्या दशकात स्वीकारलेले ते नाव, 1950 च्या दशकात त्याचा साऱ्या देशभर झालेला स्वीकार, आणि शेवटी रविशंकर, हा माझा ठराविक पाठ होता. त्यातील पहिले तीन भाग खरे होते. चौथा मी कोठून उचलला, देव जाणे. घरी येऊन सनावळ्या जुळविल्या. रविशंकरांचा जन्म 1920 चा. 1930 च्या दशकात ते वडील बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर देशोदेशी फिरत होते. दिल्लीच्या नभोवाणीत ते आले 1949 साली, आणि ही धून तर त्याच्या पुष्कळ आधीपासून वाजत होती. दूरदर्शनची धून मात्र त्यांची. तिचे श्रेय मी उचलून हिला देऊन टाकले होते. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत असे केले असते, तर मी तांबडी शाई वापरली असती.

कॉफमन यांची कथा वाचली तेव्हा तर मी अधिकच अंतर्मुख झालो. जन्म 1907, बोहेमियातील कार्ल्सबाड या नगरीत, ज्यू कुटुंबात. संगीताचे शिक्षण बर्लिन आणि प्राग येथे झाले. प्रागच्या विद्यापीठात प्रबंध लिहून झाला होता, परंतु आपले परीक्षक नाझी पक्षाच्या कार्यात आहेत असे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. 1934 साली ते मुंबईस उतरले. त्यापूर्वी युरोपात असताना त्यांनी हिंदी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या आणि त्या त्यांस मुळीच रुचल्या नव्हत्या. पण त्यांनी लिहून ठेवले आहे की, ज्या संगीतावर लाखो लोक प्रेम करतात ते आपणांस कळत नसेल तर दोष आपलाच असला पाहिजे, आणि ते जेथे जन्मले तेथे जाऊनच त्याचा अभ्यास केला पाहिजे. सत्तावीस वर्षांच्या तरुणास हे सुचले! आपल्याकडे किती शास्त्र्यांस आणि किती विलायतपंडितांस हे कधी सुचले असेल, याचा हिशेब मी करू इच्छीत नाही.

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. दर गुरुवारी त्यांचे वादन होई. कॉफमन पियानोवर बसत आणि व्हायोलिन घेत मेहली मेहता, पुढे जगद्विख्यात झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीच्या धुनेतील व्हायोलिनही मेहलींचेच, असे सांगतात. 1937 ते 1946 या काळात मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग कॉफमन यांच्याकडे होता. त्यांच्या पत्नी गेर्टी या फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या भाची. महायुद्ध संपल्यावर ते इंग्लंड व कॅनडामार्गे अखेर अमेरिकेस गेले, 1957 पासून इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले, आणि 1968 साली त्यांनी उत्तर हिंदुस्थानातील रागांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे दक्षिणेतील रागांवरही लिहिले. 1984 साली ते तेथेच निवर्तले. ज्या देशाने त्यांस आश्रय दिला, त्या देशाच्या घराघरांत त्यांची धून रोज पहाटे वाजत होती, आणि नाव मात्र माझ्यासारख्या मास्तरांनी दुसऱ्याचेच सांगितले.

मुंबईत कॉफमन महालक्ष्मीनजीक वॉर्डन रोडच्या बाजूस राहत असत. आज त्या रस्त्यास भुलाभाई देसाई मार्ग म्हणतात. एका सकाळी धीमी लोकल पकडून मी दादरला उतरलो, गाडी बदलून महालक्ष्मीस गेलो आणि तेथून पायी चालत निघालो. काय पाहावयाचे होते, कोण जाणे. उंचच उंच इमारती, मोटारींची रांग, दोन घरांच्या फटीतून मधूनच चमकणारा समुद्र. देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या फुलवाल्याकडून मी वेणी घेतली, ती सौ.साठी. समुद्राकाठी थोडा वेळ उभा राहिलो. नव्वद वर्षांपूर्वी येथेच कोठेतरी तो परदेशी गृहस्थ गादीवर बसून, मान वाकडी करून, आमचा कोमल गंधार आपल्या कानात बसवीत असेल. मनातल्या मनात मी माझ्या जुन्या वर्गाची हजेरी घेतली. कितीजणांस आता पत्र लिहून चूक सुधारता येईल? तीनचार नावांचे पत्ते आठवले. त्यांस पत्रे टाकली आहेत.

इतका खटाटोप करून ती धून नातवाने भ्रमणध्वनीवर उतरवून दिली. त्याच दुपारी, आई बेचैन होताच, खिडक्या लावून, पंखा बंद करून, सारे कुटुंब भोवती बसलो आणि ती लावली. अगदी स्वच्छ, एकही ओरखडा नसलेली. आईने शांतपणे शेवटपर्यंत ऐकली.

“छान आहे,” ती म्हणाली. “कुणाचं आहे?”

आणि पुन्हा आपले चार-पाच स्वर गुणगुणून म्हणाली, “पुढचं लाव.”

दादा उठून आत गेले. मी काही बोललो नाही.

दोन दिवसांनी पहाटे मला जाग आली ती आईच्या गुणगुणण्याने. सौ. चूल, म्हणजे आताची गॅसची शेगडी, पेटवीत होती. खिडकी उघडी होती. मला काय वाटले कोण जाणे, मी भ्रमणध्वनी आईच्या उशाशी ठेवला आणि ती धून लावली. तंबोरा झंकारला, व्हायोलिन उठले, आणि त्याच वेळी कल्याणकडून लोकल आली. आमचे घर अजूनही रुळांपासून दूर नाही. तिच्या खडखडाटात मधले चार स्वर बुडाले, आणि गाडी पुढे गेल्यावर उरलेले बाहेर आले.

आई उठून बसली. तिने पदर सारखा केला.

“पाणी आलं का बघा,” ती म्हणाली. “हंडा भरून घ्या आधी, मग जाईल. ह्यांचा डबा व्हायचाय अजून. मुलांना इतक्यात उठवू नका, थोडा वेळ मला बसू दे.”

तीर्थरूपांस जाऊन एकोणीस वर्षे झाली. आमच्याकडे आता नळाचे पाणी चोवीस तास गच्चीवरल्या टाकीतून येते. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मोरीत जाऊन एक पितळी हंडा नळाखाली ठेवला, आणि आईस आवाज ऐकू जाईल इतकी तोटी सोडली.