हळद, चुना आणि चार क्रेडिट

पोस्ट लांब आहे. शिक्षण, नोकरी किंवा साखर कारखाना यांपैकी कशाशीही संबंध असेल तर वाचा.

गेला दीड महिना रोज सकाळी साडेसहाला माझी शिकवणी असते. विद्यार्थिनी न्यू जर्सीत असते, तिच्याकडं तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. थोरल्या बहिणीची मुलगी. दुपारपर्यंत दुकानात काम करते, मग कम्युनिटी कॉलेज. मास्तर म्हणजे मी, बारावी सायन्सला केमिस्ट्रीत काठावर पास होऊन पत्रकारितेच्या डिप्लोमाकडं पळालेला माणूस. "मामा, तू फक्त प्रश्न विचार, उत्तर मी शोधते," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हणून चाललंय.

भानगड अशी आहे. तिला कॉम्प्युटरची डिग्री पाहिजे, पण त्यात सायन्सचे क्रेडिट सक्तीचे. केमिस्ट्रीचा विषय वर्गात बसून केला तर फी, लॅब, पुस्तकं धरून हजार डॉलरच्या आसपास जातात. शिवाय वर्गाची वेळ तिच्या कामाच्या वेळेतच. तिनं दुसरी वाट धरली. अमेरिकेत क्लेप नावाच्या परीक्षा आहेत, कॉलेज बोर्ड घेतं, तेच एसएटीवालं. १९६७ पासून चालू आहेत. विषय तुम्ही कुठं शिकलात, कुणाकडं शिकलात, किती दिवस वर्गात बसलात, हे कुणी विचारत नाही. परीक्षा द्या, मार्क दाखवा, कॉलेजनं मान्य केलं तर त्या विषयाचे क्रेडिट तुमचे.

केमिस्ट्रीचा पेपर दीड तासाचा, साधारण पंचाहत्तर प्रश्न, सगळे पर्यायी. चुकीच्या उत्तराला मार्क वजा होत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मार्क २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि बहुतेक ठिकाणी ५० ला क्रेडिट देतात. आवर्तसारणी आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. नापास झालात तर तीन महिने थांबायचं. फी शंभर डॉलरच्या आतबाहेर, परीक्षा केंद्राचे पैसे वेगळे. मॉडर्न स्टेट्स नावाची एक संस्था आहे, तिचा फुकटचा ऑनलाइन कोर्स पुरा केला की परीक्षेची फी तीच भरते. भाचीनं तो केला. पण त्याच्याही आधी तिनं कॉलेजला मेल टाकून लेखी घेतलं, की आम्ही हे मार्क धरू आणि चार क्रेडिट देऊ. हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. कुठं लॅब वेगळी करायला लावतात. डॉक्टरकीकडं जाणाऱ्यांना तर ही वाट बऱ्याच ठिकाणी उपयोगाची नाही. तिकडं सगळं सोनंच आहे असं म्हणत नाही मी. मुळात फी एवढी आहे म्हणून तर असल्या वाटा शोधाव्या लागतात.

मोलचं गणित तिला जमतं. अडायचं ते प्रयोगावरच्या प्रश्नांत. पेपरात त्यांचा वाटा नऊ टक्के, म्हणजे सहा-सात प्रश्न, पण काठावरच्याला तेवढेच बुडवतात. टायट्रेशन तिनं व्हिडिओत पाहिलंय, हातानं केलेलं नाही. मी बारावीला केलं होतं, तेही शेजारच्याचं रीडिंग बघून.

मग मला अण्णा आठवले. आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये तेवीस सीझन काढलेला माणूस. हुद्दा लॅब बॉय. वय एक्कावन्न, तरी बॉयच. रात्रपाळी संपवून टपरीवर चहाला येतात. एका सकाळी मी फोन तसाच त्यांच्या पुढं धरला.

आधी लाजले. मग टपरीवाल्याकडनं चुन्याची पुडी घेतली, शेजारच्या भजीच्या गाड्यावरनं चिमूटभर हळद आणली. कालच्या पेपरच्या कोऱ्या कडेला (माझीच बातमी होती त्या पानावर) ओली हळद फासली, तिच्यावर चुन्याचं पाणी टेकवलं. लाल झालं. त्याच्यावर लिंबू पिळलं, परत पिवळं. "ह्यो झाला इंडिकेटर. पूर्वी घरात कुंकू असंच करायचे, पोरी." ती तिकडं ओरडलीच.

मग ते खरं शिकवायला लागले. "बॉयलरच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकलं की गुलाबी हुतंय. मग वरनं ॲसिड सोडायचं, गुलाबी जाईस्तवर. आता बघ, शेवटचा थेंब पडला की पाण्यासारखं हुतंय. पण चार थेंब जादा पडले तरी ते पाण्यासारखंच दिसतंय! म्हंजी चुकलास ते कळतच न्हाई. म्हणून रंग फिका व्हायला लागला की हात आवरायचा, थेंब थेंब." पुस्तकात एंड पॉइंटची व्याख्या आहे. आपली चूक डोळ्याला दिसणारच नाही अशा जागी हात आवरायचा, हे मात्र त्या पानावर मला सापडलं नव्हतं.

पुढं त्यांनी रसाचं सांगितलं. उसाचा रस मुळात आंबट. त्यात चुना आणि सल्फरचा धूर घालून पीएच सातच्या आसपास आणायचा. आंबट राहिला तर साखर फुटते, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ती पोत्यात येत नाही. चुना जास्त झाला तर रंग काळपटतो. ॲसिड-बेस, अभिक्रियेचा वेग, तापमानाचा परिणाम, तीन धडे एका कपात झाले. भाचीनं सगळं वहीत उतरवलं.

या माणसाला केमिस्ट होता येत नाही. बीएस्सी नाही. दर दोन-तीन वर्षांनी कॉलेजातून नवा पोरगा केमिस्ट म्हणून येतो, अण्णा त्याला ब्युरेट धरायला शिकवतात, आणि वर्षभरानं त्याच्याच सहीनं अण्णांची रजा मंजूर होते.

मला हे जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. वीस वर्षं बातमीदारी करून एका सरकारी समितीच्या फॉर्मवर मी 'पदविका' लिहिलं, खिडकीतल्या माणसानं वाचलं 'पदवी'. फरक सांगितल्यावर फॉर्म परत माझ्या हातात. माझ्या बातम्यांची फाइल त्यानं उघडूनही बघितली नाही.

आपल्याकडं कागदावर काहीच नाही असं नाही. २०२० चं शैक्षणिक धोरण आहे, २०२१ पासून क्रेडिट बँक आहे, स्वयमचे ऑनलाइन कोर्स डिग्रीत धरता येतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट द्यायची भाषा आहे. तो आराखडा घेऊन मी एका कॉलेजच्या ऑफिसात गेलो. विचारलं, तेवीस वर्षं लॅबमध्ये काम केलेल्या माणसाचं यात काय होऊ शकतं? क्लार्क भला माणूस. म्हणाला, "सर, आधी त्यांचं ॲडमिशन कुठल्या वर्षाला आहे ते सांगा."

यावर मित्र म्हणतात, परीक्षेवर क्रेडिट द्यायला लागलात तर सहा महिन्यांत रेटकार्ड लागेल, केंद्र मॅनेज होतील. होतील. कॉपीमुक्त अभियानाच्या बातम्या मीच करतो दरवर्षी, भिंतीवर चढलेल्या पोरांच्या फोटोसकट. पण त्यावर उपाय म्हणून दारच नको, हे मला पटत नाही. अण्णांसारख्याची तर लेखी परीक्षाही नको. त्यांच्यापुढं ब्युरेट ठेवा आणि बघत बसा.

भाचीची परीक्षा येत्या शनिवारी आहे. काल सराव पेपरात प्रयोगाचे दोनच प्रश्न चुकले. ते सांगायला टपरीवर गेलो तर अण्णा खूश झाले, दोघांच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. मग गाडीला किक मारता मारता थांबून म्हणाले, "ती परीक्षा आमच्यासारख्याला देता येती का ओ?"

घरी येऊन नियम बघितले. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही, अमेरिकेबाहेरही काही केंद्रं आहेत. पेपर इंग्रजीत. आज सकाळी हे सगळं त्यांना सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "आन् पास झालो तर कारखान्यात कुठं लावायचं ते?"

मी काही बोललो नाही.

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणाले. "पोरीचा निकाल लागला की तेवढं कळवा."