दोन प्रवासांचें त्रैराशिक

हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर हें पूर्णेवरील धरणाचें गांव. वरच्या अंगास येलदरीचा जलाशय. गेल्या महिन्यांत तेथून औंढा नागनाथास येऊन मला पुढें दोन प्रवास घडले. औंढ्याहून हिंगोली सुमारें २५ किलोमीटर, तर परभणी सुमारें ५०.

हिंगोलीस चिरंजीवांच्या आग्रहानें भाड्याच्या मोटारींतून एकटाच गेलों. पाऊण तास लागला. परभणीस एस. टी.नें दीड तास. जवळचा प्रवास तोच निर्दोष, अशी माझी समजूत होती. म्हणून घरीं येऊन हिशेब मांडला.

एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें २.३ किलो कर्बवायु हवेंत मिसळतो, डिझेलचा २.७. मोटार लिटरास १५ किलोमीटर धांवते असें धरल्यास हिंगोलीच्या जाण्यायेण्याचा वायु ७.७ किलो, तो सर्व माझ्या एकट्याच्या नांवें. बस लिटरास ५ किलोमीटरच चालली, तरी परभणीचे ५४ किलो ४० उतारूंत वांटले जाऊन माझ्या वांट्यास दीड किलोहि येत नाहीं. अंतर दुप्पट, दोष पंचमांशाहून कमी!

आजारी माणसास किंवा बाळंतिणीस मोटार हवीच. मला मात्र घाई कसली? हिंगोलीस लवकर पोंचून तासभर परक्या ओटीवर वाट पाहत बसलों. याच वायूनें हवेची उष्णता वाढते, पाऊस लहरी होतो. आणि आमचीं शेतें तर पूर्णेच्या पाण्यावर उभीं. जन्मभर मुलांस त्रैराशिक शिकविलें. तें स्वतःस लावावयाचें राहून गेलें होतें. चिरंजीवांस सांगून ठेविलें आहे, पाय चालतात तोंवर एस. टी.च बरी.