शेजाऱ्याची भाषा

बारामतीच्या एमआयडीसीत पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी, मराठवाड्याची बोली आणि आमची इकडची मराठी एकाच वेळी कानावर पडते. तिथल्या एका दवाखान्यात चौथीतली मुलगी पाहिली. घर मूळचं गोरखपूरकडचं, वडील वेल्डर, शाळा जिल्हा परिषदेची. "आज रात्री बाळाला ताप येईल, घाबरू नका," असं सिस्टरनं सांगितलं. त्या मुलीनं ते आईला भोजपुरीत समजावलं, मग लसीकरणाच्या कार्डावरची पुढची तारीख बोट ठेवून वाचून दाखवली. देशाची एकता मला त्या बाकड्यावर दिसली.

म्हणूनच १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय मनाला लागला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची होणार होती. राज्यभर विरोध झाला आणि २९ जूनला सरकारनं माघार घेतली. हिंदीशी आमचं वैर नाही. पाचवीपासून ती आम्ही शिकतच आलो. इंदापूरच्या बाजारात डाळिंबाचा बाहेरचा व्यापारी आला की शेतकरी हिंदीतच भाव ठरवतो, त्याला कुणी हुकूम दिलेला नसतो. प्रश्न आहे तो सहा वर्षांच्या मुलाचा. घरच्या भाषेत अजून नीट वाक्य वाचता येत नाही, तोवर त्याच्यावर तिसरी भाषा लादायची कशासाठी?

१९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या त्रिभाषा सूत्रात परतफेडीचा विचार होता. हिंदी भाषक राज्यांनी हिंदी-इंग्रजीसोबत एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडची, शिकवायची होती. अनेक ठिकाणी तिच्या जागी संस्कृतवर भागवलं गेलं. एकानं शिकायचं आणि दुसऱ्यानं सवलत घ्यायची, अशानं आपुलकी वाढत नाही, सल वाढतो.

कवी मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीत आले आणि इथेच संस्कृतचं वैभव मराठीत आणत राहिले. त्यामागे ओढ होती. भाषा ओढीनं येते, नाहीतर पोटाच्या गरजेनं येते. सक्तीनं आलेली भाषा परीक्षेपुरती उरते.

पहिली ते चौथी घरची आणि गावची भाषा पक्की होऊ द्या. पुढे मुलाला हिंदीबरोबर कन्नड, तेलुगू, गुजराती यांतून निवडू द्या, आणि उत्तरेतल्या शाळांतही मराठी, तमिळ शिकवा. आपण एवढं तरी करू: वस्तीतलं परप्रांतातलं मूल मराठी शाळेत जात असेल, तर त्याला एक गोष्टीचं पुस्तक देऊ आणि त्याच्या आईकडून तिच्या भाषेतली चार वाक्यं शिकून घेऊ.