मैदानातील कबर

सेमिनरीत असताना रोज सायंकाळी आम्हीही फुटबॉलमागे धावत असू. म्हणून खेळाडूंच्या चरित्रांकडे आमचे मन आजही ओढ घेते. बगदादचे इम्मानुएल बाबा दानो हे असेच एक खेळाडू. १९३४ साली असिरियन ख्रिस्ती घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९५७ साली बैरूत येथे मोरोक्कोविरुद्ध त्यांनी इराकचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय गोल केला. पुढे प्रशिक्षक म्हणून १९७९, १९८४ व १९८८ साली त्यांनी देशाला आखाती चषक मिळवून दिला. मुसलमान-ख्रिस्ती सारेच त्यांना 'अम्मो', म्हणजे काका, म्हणत.

२००३ च्या युद्धानंतर असंख्य ख्रिस्ती कुटुंबांनी इराक सोडला. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. अम्मो मात्र मधुमेहाने जर्जर होऊनही मायदेशी राहिले, मुलांना फुटबॉल शिकवीत राहिले. २७ मे २००९ रोजी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार बगदादच्या अल-शाब स्टेडियममध्येच त्यांना मूठमाती देण्यात आली.

इम्मानुएल म्हणजे 'आम्हांबरोबर देव'. अवघड प्रसंगी धर्मग्रामातून बदली मागण्याचा विचार धर्मगुरूच्या मनात येतो. आमच्याही आला आहे. तेव्हा मैदानातील ती कबर आठवते, आणि अर्ज खिशातच राहतो.