कोणती डिस्क कुणाची

गोरेगावचा आहे म्हटलं की पुण्यातले सहकारी हमखास विचारतात, "ईस्ट की वेस्ट?" मी सांगतो, गोंदिया जिल्ह्यातलं. मग समोरचा जरा थांबतो. मुंबईच्या गोरेगावाने आमचं नाव इतकं खाऊन टाकलंय की आम्हाला दरवेळी जिल्ह्यासकट बोलावं लागतं. नाव एकच, ठिकाणं दोन. या लेखाचा विषयही थोडाफार तोच आहे.

मी ज्या कंपनीत काम करतो तिचा स्वतःचा क्लाउड आहे. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. एका थंड खोलीत उभी केलेली कपाटं, कपाटांत सर्व्हर आणि सर्व्हरच्या पोटात चालणारी शेकडो खोटी मशीन. व्हर्च्युअल मशीन. एकेक मशीन एकेका ग्राहकाचं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत. चाळीतल्या खोल्यांसारखं, फक्त इथे शेजारच्याचा आवाज येत नाही. माझं काम साठवणुकीचं. कुणाच्या मशीनमधली जागा भरली की तिकीट येतं: "अमुक मशीनला पाचशे जीबीची डिस्क जोडा."

अब्बांनी एकदा विचारलं होतं, "तू करतोस काय नेमकं?" अब्बा पस्तीस वर्षं भात गिरणीत होते, काट्यावर आणि गोदामात. मी म्हटलं, "लोकांच्या घराला जास्तीची ढोली जोडून देतो." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी. अब्बा म्हणाले, "आणि घर पाडावं लागत नाही?" नाही, हीच तर त्यातली गंमत. मशीन चालू असताना डिस्क जोडता येते. गाडी धावतेय आणि तुम्ही मागे एक डबा लावला, असं.

आमच्याकडे ओपनस्टॅक आहे. २०१० साली नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून हे मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं, आज जगभर स्वतःचा क्लाउड उभारणारे बरेच जण ते वापरतात. त्यातला डिस्का सांभाळणारा भाग म्हणजे सिंडर, २०१२ मध्ये वेगळा झालेला. सिंडर ब्लॉक म्हणजे राखेच्या विटा. आमच्या तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे राखेची वीट काय असते हे आम्हाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. पण नाव चपखल आहे. मागाल तितक्या विटा, हव्या तिथे लावा.

काम दोन ओळींचं. पहिल्या ओळीत सिंडरला सांगायचं, पाचशे जीबीची एक डिस्क बनव. ती बनते कागदावर. खरी जागा अजून व्यापलेलीच नसते, जसजसं लिहाल तसतशी ती भरते. दुसऱ्या ओळीत सांगायचं, ही डिस्क त्या मशीनला जोड. काही सेकंदांत मशीनच्या आत एक नवं नाव दिसतं. पहिली डिस्क व्हीडीए, दुसरी व्हीडीबी, तिसरी व्हीडीसी. नवी डिस्क कोरी असते, तिच्यावर आधी फाइल सिस्टम आखावी लागते. वहीवर रेघा मारतात तसं. मग ती एखाद्या फोल्डरवर बसवायची आणि एका यादीत नोंद करायची, म्हणजे मशीन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप जागेवर येते.

२०२४ च्या रमजानमध्ये मी घरून काम करायची परवानगी घेऊन गोरेगावला आलो होतो. मार्चचा शेवट, ऊन चढलेलं, दिवसा रोजा, रात्री तरावीह आणि त्यानंतर माझी शिफ्ट. एका पतसंस्थेचं मशीन होतं. कर्जाचे कागद स्कॅन करून त्यात ठेवायचे. पाचशे जीबीची डिस्क भरत आली होती, त्यांनी तेवढीच दुसरी मागितली. मी दुपारीच ती जोडून ठेवली आणि वहीत लिहिलं: व्हीडीबी जुनी, व्हीडीसी नवी. रेघा मारायचं काम रात्रीवर ठेवलं, कारण त्यांचे कारकून तोवर काम करत होते. रात्री आधी सुरक्षेची दुरुस्ती टाकून मशीन बंद-चालू करायचं होतं. मी तरावीह पढून आलो, तोवर ते काम दुसऱ्या सहकाऱ्याने केलेलं होतं.

साडेअकराला मी आत गेलो. व्हीडीसी कुठेच बसवलेली नाही असं दिसलं. बरोबर, नवीच आहे ना ती. वहीतही तेच. मी आखणीची आज्ञा दिली. ही आज्ञा आंधळी नसते. आधीचं काही दिसलं तर ती अडते, सांगते की इथे जुनी फाइल सिस्टम दिसतेय, तरीही करायचं असेल तर जबरदस्तीचं अक्षर लाव. माझ्या हाताला ते अक्षर आधीपासून लावायचीच सवय झाली होती. रोज वीस डिस्का आखणाऱ्या माणसाला विचारणा नकोशी होते.

आज्ञा पूर्ण झाली आणि मग दिसलं की व्हीडीबी कोरी आहे.

काय झालं होतं ते सांगतो, कारण ही चूक कुणाच्याही हातून होईल अशी आहे. त्या मशीनला कधीतरी एक तात्पुरती डिस्क लावून काढून घेतली होती. तिची खाच मधे रिकामी राहिली. दुपारी मी जोडलेली नवी डिस्क त्या रिकाम्या खाचेत बसली, पण चालत्या मशीनमध्ये उशिरा आली म्हणून तिला पुढचं नाव मिळालं, व्हीडीसी. रात्री मशीन बंद-चालू झालं, तेव्हा नावं पुन्हा खाचांच्या क्रमाने वाटली गेली. नवीची खाच आधी, म्हणून नवी झाली व्हीडीबी आणि जुनी गेली व्हीडीसीवर. यादीतली नोंदही याच नावाने होती. "व्हीडीबी बसव" म्हटल्यावर मशीनला कोरी डिस्क सापडली, ती बसेना, आणि न बसल्यास पुढे जा असं यादीत लिहिलेलं असल्यामुळे मशीन मुकाट्याने पुढे गेलं. म्हणजे जुनी डिस्क, कर्जाचे सगळे कागद पोटात घेऊन, बेवारस असल्यासारखी पडली होती आणि मी तिच्यावर रेघा मारल्या.

आमच्या साठवणुकीत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. नव्या ग्राहकांना आम्ही हे मोठ्या तोऱ्यात सांगतो. एखादी डिस्क जळाली, अख्खं कपाट बंद पडलं, तरी तीन प्रतींचा उपयोग होतो. पण आज्ञा चुकीची असेल तर ती तिन्ही प्रतींवर सारख्याच इमानदारीने पाळली जाते. त्या रात्री तिन्ही प्रती कोऱ्या होत्या.

पतसंस्थेचा बॅकअप पहाटे दोनला व्हायचा. म्हणजे आदल्या पहाटेपर्यंतचं सगळं शाबूत, त्यानंतरच्या दिवसभराचं काम गेलं. तासभर मी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर त्या तासात मी एक वाक्य जुळवत होतो: "मशीन रीस्टार्ट झाल्यानंतर फाइल सिस्टममध्ये बिघाड आढळला." यात एकही शब्द धडधडीत खोटा नाही. रीस्टार्ट मी केलेलं नव्हतं. बिघाड आढळला होताच. आढळला कुणाला आणि केला कुणी, एवढंच त्यात नव्हतं.

ते वाक्य का जुळवलं, हेही लिहितो. नोकरीची भीती होतीच. पण टीममध्ये माझ्या नावाचा मी एकटा आहे. दुसऱ्या कुणी डिस्क पुसली तर ती चूक, मी पुसली तर कुणाच्या तरी डोक्यात दुसरंच काही येईल, हा विचार आला. तसं मला कधी कुणी म्हटलेलं नव्हतं, त्यानंतरही म्हटलेलं नाही. तरी विचार आला. आपल्यापैकी अनेकांना तो येतो आणि आपण त्यावर फारसं बोलत नाही. जास्तीचं काम करून, जास्तीचं हसून आपण त्याची आगाऊ भरपाई करत राहतो.

अब्बा जागेच होते. रमजानमध्ये ते तरावीहनंतर झोपत नाहीत, सहरी करूनच पडतात. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, खाचा, नावं, रेघा. त्यांना निम्मं कळलं असेल. ते म्हणाले, "बोरी किसकी है, बोरी पे लिखा नहीं था क्या?"

मी म्हटलं, "वहीत लिहिलं होतं. तिसरी नवी."

"थप्पीतली तिसरी? अरे, थप्पी हलते."

गोदामात पोती थप्पीने रचतात. कुणी वरची काढतो, कुणी मधे घालतो, हमाल जागा बदलतात. म्हणून अब्बा गेरूने पोत्यावरच मालकाची खूण करायचे. थप्पीतला नंबर त्यांनी कधीच धरला नाही. मला अगदी लाज वाटली, कारण आमच्यातही ही सोय आहे. प्रत्येक फाइल सिस्टमला स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो, यादीत तो लिहायचा असतो. प्रत्येक डिस्कच्या अंगावर सिंडरने दिलेल्या ओळखीची पहिली वीस अक्षरं असतात, मशीनच्या आतून ती वाचता येतात. गेरूची खूण होती. मी पाहिली नव्हती.

मग अब्बा म्हणाले, "ज्यांचं धान सांडलं त्यांना सांगितलंस?"

अमानत हा शब्द आपण तकरीरीत इतका ऐकतो की त्याची धार बोथट होते. हिजरतीच्या वेळची हकीकत सगळ्यांना ठाऊक असते: मक्केतले लोक पैगंबरांच्या विरोधात गेलेले, तरी त्यांच्या ठेवी पैगंबरांकडेच होत्या, आणि त्या परत करण्यासाठी हजरत अली मागे राहिले. लहानपणी मला यात हजरत अलींचं धाडस दिसायचं. त्या रात्री पहिल्यांदा हिशेबाची बाजू दिसली. कोणती ठेव कुणाची, हे कुणीतरी नीट लक्षात ठेवलेलं असणार.

एक वाजून दहा मिनिटांनी मी टीम लीडला फोन केला. "मी केलं," एवढ्यापासून सुरुवात केली. तो अर्धवट झोपेत होता. म्हणाला, "बॅकअप किती वाजताचा?" मग, "लाव परत. मी लॉगिन करतो." सहरीपर्यंत आम्ही दोघं जागे होतो. मी खजूर तोंडात टाकताना त्याने विचारलं, "अजान झाली का तुमच्याकडे, खाऊन घे आधी." पतसंस्थेला सकाळी पत्र गेलं, त्यात चूक आमची असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कागदाच्या मूळ प्रती त्यांच्याकडे होत्या म्हणून निभावलं. पण त्यांच्या तीन कारकुनांनी आदल्या दिवसाचं सगळं काम पुन्हा केलं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. माफी पत्रातून गेली, ती त्यांच्यापर्यंत पोचली का, कोण जाणे.

आमच्याकडे आता नियम आहे: आखण्याआधी डिस्कवरची वीस अक्षरं तिकिटाशी जुळवायची, जबरदस्तीचं अक्षर बंद.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. २०२५ च्या वक्फ कायद्यानंतर ६ जूनला केंद्राचं उम्मीद पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांचे कागद त्यावर चढवायला सहा महिने मिळाले. कायद्याबद्दल माझी मतं आहेत, ती या लेखात नकोत. नोव्हेंबरात गावी गेलो तेव्हा मशिदीच्या कमिटीच्या सदर साहेबांनी मला बोलावलं. पत्र्याची पेटी, त्यात कब्रस्तानाचे आणि मशिदीचे कागद. काही आपण भंडारा जिल्ह्यात होतो तेव्हाचे (गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला), काही त्याहून जुने, हिंदीतले, मध्य प्रांताच्या काळातले. निस्तार पत्रकाची एक नक्कल, जिच्या घड्या उलगडताना श्वास रोखावा लागत होता. दोन दिवस मी स्कॅन केलं. सगळं मिळून एक जीबीही भरलं नाही. मी रोज पाचशे-पाचशे जीबी वाटतो आणि आमच्या गावाच्या दफनभूमीचा सगळा पुरावा एका मोबाईलच्या कोपऱ्यात मावतो.

सदर साहेब म्हणाले, "एकदा पोर्टलवर चढलं की मग पेटी कशाला सांभाळायची? वाळवी लागतेय."

मी त्यांना दोन आगी सांगितल्या. पहिली त्यांना आठवत होती. २१ जून २०१२, मंत्रालय. वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, फायलींची राख झाली. तेव्हा सगळे म्हणाले, कागद नको, संगणकात ठेवा. दुसरी ताजी होती. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं. तिथल्या सरकारी नोकरांची कामाची कागदपत्रं ठेवण्याचा जी-ड्राइव्ह जळाला, ८५८ टेराबाइट. दुसरीकडे प्रत नव्हती, कारण एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणं झेपलं नाही, असं सांगण्यात आलं. कोरियासारखा देश! जागा जोडत गेले, जोडत गेले आणि दुसरी ढोली बांधायची राहिली.

सदर साहेबांनी पेटी बंद केली, पुन्हा उघडली. "मग काय करायचं?"

आम्ही असं केलं. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटांत घालून पेटीत, पेटी जमिनीवरून उचलून विटांवर. एक पेनड्राइव्ह सदर साहेबांकडे, एक गोंदियाला त्यांच्या जावयाकडे, एक प्रत माझ्याकडे पुण्यात. प्रत्येक फाइलच्या नावात गट क्रमांक आणि वर्ष. पेनड्राइव्ह सगळे सारखेच काळे होते. अब्बा बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांनी नातवाच्या दप्तरातून पांढरा मार्कर मागवला, चष्मा लावला आणि एकेक हातात घेऊन त्यावर लिहायला लागले.